स्त्रियांचे मेंदू-आरोग्य आणि संप्रेरके

वयात येणे, दर महिन्याची पाळी, गर्भारपण, बाळंतपण आणि रजोनिवृत्ती या टप्प्यांवर स्त्रीच्या शरीरातील संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, कमीजास्त होतात. त्यांच्यासोबत मेंदूची रचना, काम आणि आजारांचा धोका कसा बदलतो, याचा अभ्यास या विषयात येतो. मुख्य संप्रेरके दोन : इस्ट्रोजेन (त्यातही इस्ट्रॅडायॉल) आणि प्रोजेस्टेरॉन. ती प्रामुख्याने अंडाशयात तयार होतात; पण मेंदूही ॲरोमॅटेझ या विकराच्या मदतीने टेस्टोस्टेरॉनपासून थोडे इस्ट्रॅडायॉल स्वतः बनवतो. ‘हार्मोन बिघडले’ हे सरसकट ऐकू येणारे निदान मात्र फारसे उपयोगाचे नाही. पाळीपूर्व नैराश्य असो वा पाळीतील अर्धशिशी, रक्त तपासले तर पातळी बहुधा ठीकच निघते. चढउतार कधी आणि किती झपाट्याने झाला आणि त्या स्त्रीचा मेंदू त्याला कसा प्रतिसाद देतो, यावर त्रास ठरतो.

इस्ट्रोजेनचा संबंध फक्त प्रजननाशी, ही समजूत मोडायला वेळ लागला. १९९० मध्ये रॉकफेलर विद्यापीठात कॅथरीन वूली, ब्रूस मॅक्युअन आणि सहकाऱ्यांनी मादी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील, म्हणजे स्मृतीशी निगडित भागातील, चेतापेशी तपासल्या. या उंदरांचे प्रजननचक्र चार-पाच दिवसांचे असते. तेवढ्या काळात पेशींच्या शाखांवरील सूक्ष्म काट्यांची घनता सुमारे ३० टक्क्यांनी वरखाली होत होती. हे काटे म्हणजे पेशींनी एकमेकींशी जोडले जाण्याच्या जागा. प्रौढ मेंदूची वीण इतक्या लवकर बदलते, हे तेव्हा पचनी पडणे कठीण होते. प्रोजेस्टेरॉनचा मार्ग वेगळा आहे. त्यापासून ॲलोप्रेग्नॅनोलोन हे द्रव्य तयार होते. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील संदेश स्वीकारणाऱ्या जागांवर, ते काम करते. झोपेच्या व चिंतेच्या अनेक गोळ्याही याच ग्राहींवर काम करतात.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात थोडी चिडचिड अनेकींना होते. काहींमध्ये मात्र नैराश्य, संताप आणि अस्वस्थता इतकी वाढते की काम व नाती कोलमडतात. २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकार वर्गीकरणात त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये केलेला प्रयोग इथे निर्णायक ठरला. औषधाने अंडाशयांचे काम थांबवल्यावर अशा अनेक स्त्रियांचा त्रास ओसरला. संप्रेरके पुन्हा देताच तो परतला. त्रास नसलेल्या स्त्रियांना तीच संप्रेरके दिली, तर काहीच झाले नाही. याच गटाच्या २०१७ च्या प्रयोगात संप्रेरके न बदलत्या प्रमाणात देत राहिल्यावर त्रास पहिल्या महिन्यापुरताच दिसला, पुढे मावळला. म्हणजे खटका बदलाचा होता. नैराश्यावर एरवी काही आठवड्यांनी गुण देणारी एसएसआरआय गटातील औषधे या विकारात काही दिवसांतच लागू पडतात, म्हणून ती फक्त चक्राच्या उत्तरार्धात घेण्याचीही पद्धत आहे.

अर्धशिशी वयात येण्यापूर्वी मुलामुलींत जवळपास सारखीच आढळते. नंतर स्त्रियांत ती पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होते. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन घसरले की झटका येतो, तर गर्भारपणाच्या उत्तरार्धात ते चढे व स्थिर राहते तेव्हा अनेकींना आराम पडतो. डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा किंवा चमक दिसत असेल, तर इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या टाळतात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. अपस्मारातही काही स्त्रियांचे झटके पाळीभोवती गोळा होतात. इथली व्यावहारिक अडचण औषधांची आहे : गर्भारपणात आणि इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांमुळे लॅमोट्रिजिन या अपस्मारावरील औषधाचे रक्तातील प्रमाण घटते, आणि नीट चाललेला उपचार अचानक अपुरा पडतो.

गर्भारपण हा प्रौढ मेंदूतील सर्वांत मोठ्या बदलांपैकी एक आहे. एल्सेलीन हूकझेमा आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींच्या मेंदूच्या प्रतिमा गर्भधारणेपूर्वी आणि प्रसूतीनंतर घेतल्या. दुसऱ्याचे मन ओळखण्याशी संबंधित भागांतील करडे द्रव्य, म्हणजे चेतापेशींनी भरलेला मेंदूचा भाग, सगळ्यांत घटलेले दिसले, आणि ही घट दोन वर्षांनंतरही बरीचशी टिकून होती. घट म्हटले की नुकसानच, असा अर्थ काढायची घाई नको : त्यांच्या स्मृतिचाचण्यांत घसरण आढळली नाही, आणि बाळाशी जडलेल्या जिव्हाळ्याशी या बदलाचा संबंध दिसला.

प्रसूतीनंतर काही दिवसांतच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन कोसळतात. हे प्रत्येक बाळंतिणीत घडते, मग नैराश्य काहींनाच का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गरोदर नसलेल्या १६ स्त्रियांत औषधांनी हीच चढण आणि घसरण घडवली गेली. पूर्वी प्रसूतिपश्चात नैराश्य झालेल्या आठपैकी पाचजणींची मनःस्थिती ढासळली. तसा इतिहास नसलेल्या आठपैकी एकीचीही नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळालेले ब्रेक्सॅनोलोन म्हणजे ॲलोप्रेग्नॅनोलोनच. ते ६० तास शिरेतून द्यावे लागे. २०२३ मध्ये त्याच जातीची झुरॅनोलोन ही गोळी मान्य झाली.

रजोनिवृत्ती बहुधा ४५ ते ५५ या वयात येते. तिच्या आधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन संथपणे उतरत नाही, ते हेलकावे खाते. अंगाची लाही करणारी गरम लाट अंडाशयात नव्हे, मेंदूत उगम पावते : इस्ट्रोजेनचा लगाम सुटलेल्या हायपोथॅलॅमसमधील चेतापेशी अतिसक्रिय होतात आणि तापमान-नियंत्रण बिघडते. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले फेझोलिनेटंट त्या पेशींचा संदेश अडवते. त्यात संप्रेरक नाही. शब्द न आठवणे, खोलीत येऊन कशाला आलो ते विसरणे, या तक्रारीही खऱ्या आहेत. अमेरिकेतील ‘स्वान’ या दीर्घ पाहणीत संक्रमणकाळात स्त्रियांची चाचण्यांतील सरावाने होणारी प्रगती अडली. पाळी कायमची थांबल्यावर ती पुन्हा सुरू झाली. हा विसर म्हणजे स्मृतिभ्रंशाची सुरुवात नव्हे, हे डॉक्टरांनी आवर्जून सांगायला हवे.

रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक-उपचारांचा इतिहास वादळी आहे. २००३ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाच्या स्मृतिविषयक चाचणीचा निष्कर्ष आला : इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम द्रव्य) एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्मृतिभ्रंश दुप्पट. बातमीत दोन गोष्टी हरवल्या. त्या ४,५३२ स्त्रिया ६५ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या होत्या, म्हणजे रजोनिवृत्तीपासून बऱ्याच दूर. आणि ‘दुप्पट’ म्हणजे वर्षाला दर १०,००० स्त्रियांत २२ ऐवजी ४५. पुढे ‘कीप्स’ आणि ‘एलीट’ या चाचण्यांत रजोनिवृत्तीनंतर लवकर सुरू केलेल्या उपचाराने स्मृतीला ना फायदा दिसला, ना तोटा. म्हणून गरम लाटा व झोपमोड यांसाठी उपचार योग्य वयात दिले जातात, स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी नाही. अपवाद अकाली रजोनिवृत्तीचा. मेयो क्लिनिकच्या २००७ च्या अभ्यासात रजोनिवृत्तीपूर्वी अंडाशय काढलेल्या स्त्रियांत उत्तरायुष्यात बौद्धिक ऱ्हासाचा धोका वाढलेला आढळला, आणि शस्त्रक्रियेचे वय जितके कमी तितका तो अधिक. अशा स्त्रियांना नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याची शिफारस आहे.

अल्झायमरच्या रुग्णांत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया असतात. याचे मोठे कारण साधे आहे : स्त्रिया अधिक जगतात. आधीच्या पिढ्यांत मुलींना कमी मिळालेले शिक्षण हेही एक कारण, कारण कमी शिक्षण हा स्मृतिभ्रंशाचा मान्य धोका आहे. इस्ट्रोजेन गेल्याचा वाटा किती, यावर वाद चालू आहे.

हे ज्ञान उशिरा येण्यामागे संशोधनाचे नियमही आहेत. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकणाऱ्या वयातील स्त्रियांना औषधांच्या प्राथमिक चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली. ती १९९३ मध्ये मागे घेतली गेली. झोपेसाठी सर्रास दिले जाणारे झोल्पिडेम स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते. त्याची स्त्रियांसाठीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आली ती २०१३ मध्ये, औषध बाजारात येऊन वीस वर्षे झाल्यावर.