बस, घर आणि बाजार : नवी मुंबईत नगरसेवकाच्या हाती नेमके काय?

१५ जानेवारी २०२६ रोजी नवी मुंबई महापालिकेसाठी मतदान झाले, तेव्हा शहरात एकही नगरसेवक पदावर नसण्याला साडेपाच वर्षे उलटून गेली होती. दारावर आलेल्या उमेदवाराला इथला मतदार बहुधा तीन गोष्टी विचारतो. आमच्याकडे बस कधी येणार, आमचे घर कायम होणार का, आणि भाजी-रेशनचे काय? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण यातल्या एकाही विषयाचा पूर्ण ताबा या महापालिकेकडे कधीच नव्हता. जमीन सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या राज्य सरकारच्या महामंडळाची, ठाणे-बेलापूर पट्टा औद्योगिक महामंडळाचा, रेल्वेस्थानके सिडको आणि रेल्वे यांच्या भागीदारीतली, घाऊक बाजार राज्याच्या कायद्याखालचा आणि शिधापत्रिका राज्याच्या शिधावाटप कार्यालयाकडे. नगरसेवकाचे काम समजून घ्यायचे तर ही वाटणी कशी झाली ते पाहावे लागते.

१९७० मध्ये नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाकरता अधिसूचित झाल्या, तिथून ही गोष्ट सुरू होते. पुढची दोन दशके निवडून आलेले नगर प्रशासन इथे नव्हतेच. रस्ते, सेक्टर, पाणी, शाळा, सगळे सिडको ठरवत होती. महापालिका १ जानेवारी १९९२ पासून कामाला लागली आणि पहिली निवडणूक व्हायला १९९५ उजाडले. म्हणजे शहर आधी बांधून झाले आणि नगरसेवक मागून आले. त्यांच्या वाट्याला नियोजनापेक्षा पाठपुरावा जास्त आला, त्याचे मूळ इथे आहे.

बससेवेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. सुरुवातीच्या काळात सिडकोने स्वतःची बससेवा चालवली होती. बीएमटीसी नावाची ती सेवा १९८४ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या देण्यांचा प्रश्न मात्र कित्येक वर्षे चिघळत राहिला. मग एसटी आणि बेस्टवर भागवावे लागले. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल खाडी ओलांडून वाशीला आली आणि २३ जानेवारी १९९६ रोजी पालिकेचा परिवहन उपक्रम सुरू झाला. कायद्याप्रमाणे त्याच्यासाठी १३ जणांची परिवहन समिती असते. तिच्यावर नगरसेवक नसलेल्यांचीही नेमणूक होऊ शकते, त्यामुळे तिकीट नाकारलेल्या कार्यकर्त्यांची सोय लावण्याची जागा म्हणूनही ती वापरली गेली. मात्र बसचा मार्ग वळवणे, थांबा हलवणे, पहाटेची फेरी वाढवणे यांसाठी नगरसेवकाला हक्काने भांडता येईल असे ते एकमेव ठिकाण होते, हेही खरे.

या समितीत आणि सर्वसाधारण सभेत एक वाद वारंवार डोके वर काढत आला. पालिकेच्या बस हद्दीबाहेर का धावतात? पनवेल, उरण, कल्याण, मुंबई अशा लांबच्या मार्गांचा तोटा नवी मुंबईच्या करदात्याने का भरायचा? पनवेलची महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी झाली, तिची स्वतःची बससेवा उभी राहिली नाही आणि हा सवाल आणखी टोकदार झाला. माझ्या मते तो चुकीच्या जागी विचारला जातो. तुर्भ्याच्या बाजारात किंवा महापेच्या कारखान्यात कामाला येणारा माणूस हद्द पाहून घर घेत नाही. त्याला परवडते तिथे तो राहतो. खरी अडचण शहराच्या आतच आहे. गावठाणांतल्या आणि डोंगरालगतच्या पाड्यांतल्या गल्ल्यांत मोठी बस शिरत नाही, मिडी बसचा तोटा जास्त दिसतो आणि मग तीच फेरी आधी कापली जाते. रेल्वेचेही तसेच झाले. ठाणे-वाशी मार्गावर २००४ च्या अखेरीस प्रवासी गाड्या सुरू झाल्या, पण दिघ्याला स्थानक मिळायला जानेवारी २०२४ उजाडले आणि काम संपल्यावरही उद्घाटनासाठी ते काही महिने बंदच होते. बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले होते, ती १७ नोव्हेंबर २०२३ रोजी धावली. तीही सिडकोची. नगरसेवकाने यापैकी कशासाठीही ठराव मांडला तरी तो शेवटी शिफारस म्हणूनच पुढे जातो.

घरांचा विषय मात्र थोडक्यात आटोपत नाही. या शहरातला सगळ्यात गुंतलेला निर्णय इथलाच आहे, आणि नगरसेवक त्यात सगळ्यात जास्त अडकलेला आहे.

जमीन संपादनाविरुद्धच्या जासईच्या लढ्यानंतर शेतकऱ्याला त्याच्या गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. फारसे बोलले जात नाही ते असे की साडेबारापैकी पावणेचार टक्के सार्वजनिक सुविधांसाठी कापले गेले आणि शेतकऱ्याच्या हाती पावणेनऊ टक्के आले. तो भूखंडही पुष्कळदा स्वतःच्या गावाजवळ मिळाला नाही. मध्ये इतकी वर्षे गेली होती की वारसदार वाढले होते, आणि चार भावांत वाटून घ्यायचा भूखंड विकासकाला देणे सोपे पडत होते. इकडे गावठाणाची हद्द जिथल्या तिथेच राहिली. दर दहा वर्षांनी गावठाण विस्तार व्हायला हवा होता, तो झाला नाही, ही प्रकल्पग्रस्तांची, म्हणजे या शहरासाठी जमीन गेलेल्यांची, जुनी तक्रार आहे आणि तिच्यात तथ्य आहे. एका घराची चार कुटुंबे झाली, तेव्हा ती आपल्याच वडिलोपार्जित, पण कागदावर सिडकोच्या झालेल्या जमिनीवर बांधत गेली. त्या बांधकामांना ‘गरजेपोटी’ हे नाव पडले आणि पुढे शासन निर्णयांतही ते स्थिरावले.

जानेवारी २०१० मध्ये सरकारने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतची अशी घरे नियमित करायचे ठरवले. वाद तिथून पेटला. २०० मीटर मोजायचे कुठून? गावठाणांचे नगर भूमापन धड झालेले नव्हते. हद्दच कागदावर पक्की नसेल तर तिच्यापासूनचे अंतर कसे ठरणार? एकाच आळीतली अर्धी घरे आत आणि अर्धी बाहेर अशी वेळ येणार होती. सर्वेक्षणाला आलेल्यांना अनेक गावांनी परत पाठवले. आधी सगळी घरे कायम करा, मग मोजा, असे गाव म्हणत होते. आधी मोजू द्या, मग बघू, असे अधिकारी म्हणत होते. सभागृहात सर्व पक्षांचे नगरसेवक गावांच्या बाजूने उभे राहिले. त्यात मतांचा हिशेब होताच, पण अनेकांची स्वतःची घरेही त्याच गावांत होती.

तरीही एका गोष्टीवर त्या काळात पुरेसे बोलले गेले नाही. प्रकल्पग्रस्त कुटुंबाचे वाढवलेले घर आणि त्याच जमिनीवर कुणा बिल्डरने बांधलेली, बाहेरच्यांना विकलेली किंवा भाड्याने दिलेली चार-पाच मजली इमारत ही दोन्ही एकाच नावाखाली बसवली गेली. पहिल्यामागे अन्याय आहे, दुसऱ्यामागे व्यापार आहे. नगरसेवकांनी हा फरक सभागृहात स्वतः मांडायला हवा होता. तो मांडला असता तर खऱ्या प्रकल्पग्रस्ताची बाजू भक्कम झाली असती. त्याऐवजी नोटीस कुणालाही आली तरी पाडकामाचे पथक अडवायचे, अशी रीत पडली.

त्याची किंमत दिघ्यात दिसली. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश दिला. त्यांत राहणारे बहुतेक जण प्रकल्पग्रस्त नव्हते. आयुष्याची पुंजी घालून खोली घेतलेले कामगार होते ते. त्यांच्याकडे विजेचे बिल होते, घरपट्टीची पावती होती, कर्जाचे हप्ते चालू होते. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नाही, हे घर घेताना त्यांना कुणी सांगितले नव्हते. डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामे वाचवण्याचे धोरण राज्याने पुढे आणले, ते न्यायालयाने जसेच्या तसे मान्य केले नाही, आणि २०१७ मध्ये कायदाच दुरुस्त करावा लागला. नंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये गावठाणालगतची मर्यादा २५० मीटर झाली आणि २०२४ मध्ये घरांखालची जमीन भाडेपट्ट्याने देऊन ती नियमित करण्याचा आणखी एक निर्णय आला. मोजणीचा मूळ प्रश्न मात्र प्रत्येक वेळी पुढच्या निर्णयावर ढकलला गेला.

२७ जुलै २०२४ च्या पहाटे बेलापूरच्या शहाबाज गावात एक इमारत कोसळली. बहुतेक रहिवासी वेळेत बाहेर पडले, तिघे गेले. इमारत जेमतेम दशकभर जुनी होती. नियमित करणे म्हणजे कागद देणे एवढाच अर्थ धरला तर खांबात किती सळई आहे हे कुणी तपासत नाही. संरचना तपासणी ही नियमितीकरणाची पहिली अट असावी, असे मला ठामपणे वाटते आणि ती नगरसेवकाने मागावी. मतदाराला सुरुवातीला ती आवडणार नाही.

सेक्टरांतल्या घरांची कथा वेगळी आहे. वाशीतल्या सिडकोच्या जेएन प्रकारच्या इमारतींची छते गळत आणि ढासळत असल्याची ओरड कित्येक वर्षे चालली. फेब्रुवारी २०१५ मध्ये सिडकोनिर्मित मोडकळीस आलेल्या इमारतींना अडीच चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या अडीचपट बांधकामाची मुभा, मिळाला आणि पुनर्विकासाची वाट उघडली. त्यानंतर सोसायट्यांतले तंटे, संमतीपत्रे, भाड्याचे पैसे आणि सिडकोचे ना-हरकत प्रमाणपत्र यांत नगरसेवक मध्यस्थ म्हणून वावरला.

आता अन्नाचा भाग. कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये मुंबईहून इथे आला, भाजी आणि फळांचे बाजार १९९६ मध्ये. एवढा मोठा घाऊक बाजार दारात असूनही दिघा, इलठणपाडा किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीत भाजी स्वस्त मिळत नाही. माल पहाटे उतरतो, गोणीने आणि क्रेटने विकला जातो, किरकोळ विक्रेता तो टेम्पोने आपल्या भागात नेतो आणि प्रत्येक टप्प्यावर भाडे, हमाली, नासाडी चढते. पाव किलो घेणाऱ्या बाईला घाऊक बाजाराच्या जवळिकीचा काहीच लाभ नाही. तिच्यापर्यंत बाजार पोचवायचा तर वस्तीत ओटे हवेत, आणि ओट्यांसाठी भूखंड सिडकोकडून मागावा लागतो. पालिकेने मंडया बांधल्या, पण काही ठिकाणी ओटे इतके आतल्या बाजूला पडले की गिऱ्हाईक फिरकेना. विक्रेते पुन्हा रस्त्यावर आले आणि अतिक्रमणाची गाडी त्यांच्या मागे लागली. फेरीवाल्यांचा केंद्रीय कायदा २०१४ चा आहे. त्याप्रमाणे शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले हवेत. मंडईची जागा या समितीला विचारून ठरली तर ओटे ओस पडणार नाहीत.

रेशनच्या बाबतीत नगरसेवकाला कायद्याने काहीच अधिकार नाही, तरी त्याच्या कार्यालयात रोजची रांग रेशनसाठीच. कारण एका आकड्यात आहे. अन्नसुरक्षा कायदा राज्यात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला, तेव्हा शहरी प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे स्वस्त धान्याचा हक्क असलेल्या कुटुंबासाठी, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरली. महिन्याला पाच हजारही होत नाहीत. दोन घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या नवऱ्याचे उत्पन्न मिळून ती ओलांडतेच. मग हाती केशरी कार्ड राहते आणि धान्य मिळत नाही. नगरसेवक दाखला लिहून देतो, शिधावाटप कार्यालयात माणूस पाठवतो. मर्यादा बदलणे त्याच्या हातात नाही.

हे सगळे मे २०२० मध्ये एकत्र आदळले. टाळेबंदीत काम बुडाले होते. केशरी कार्डवाल्यांना सरकारने मे-जूनसाठी ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ जाहीर केला, पण कुणाचे नाव यादीत आहे आणि कुणाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही हे सांगायला गल्लीतला माणूस लागत होता. बाजारात रुग्ण वाढले म्हणून ११ ते १७ मे या काळात घाऊक बाजार बंद राहिला. आणि त्याच महिन्यात सभागृहाची मुदत संपली. एप्रिलमध्ये होणारी निवडणूक लांबणीवर गेली होती. माजी झालेले कितीतरी नगरसेवक तरीही धान्याच्या पिशव्या घेऊन फिरत राहिले, स्वतःच्या खिशातून, ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून मागून. त्यांचे हे काम कुठल्याही इतिवृत्तात नोंदलेले नाही.

पुढे सभागृहाच्या जागी आयुक्तच प्रशासक झाले; त्या काळात प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. कामे थांबली असे नाही, काही तर झपाट्याने झाली. पण परिवहन समिती नव्हती, त्यामुळे बसची फेरी का बंद झाली हे जाहीरपणे विचारण्याची जागा नव्हती. विकास आराखड्याचा मसुदा ऑगस्ट २०२२ मध्ये हरकतींसाठी खुला झाला. मैदाने, मंडया, शाळा यांसाठी पालिकेने सिडकोच्या भूखंडांवर टाकलेल्या आरक्षणांवरून वाद झाला, तेव्हाही सभागृह रिकामे होते. शहराच्या मोकळ्या जमिनीचा फैसला निवडून आलेल्या एकाही माणसाच्या आवाजाशिवाय पुढे सरकला, याची खंत वाटते.

२०२६ ची निवडणूक आणखी एक बदल घेऊन आली. १९९५ पासून २०१५ पर्यंत इथे एका प्रभागाला एक नगरसेवक असे. आता १११ नगरसेवक २८ प्रभागांत विभागले आहेत, २७ प्रभागांत चार-चार आणि एकात तीन. गावठाण, सेक्टर आणि झोपडपट्टी एकाच मोठ्या प्रभागात आली की बसची फेरी मागणारे, पुनर्विकासाचा कागद मागणारे आणि रेशनसाठी थांबलेले एकाच चौघांकडे जाणार. चौघे वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर पाठपुराव्याचे पत्र कुणाच्या सहीने जायचे, याचा कुठलाही नियम केलेला नाही.