बुद्ध्यांक आनुवंशिक, म्हणून वंशावंशांतला फरकही जन्मजात?

‘बुद्धिमत्ता बरीचशी आनुवंशिक असते, मग अमेरिकेतल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांच्या सरासरी बुद्ध्यांकातला फरकही जनुकांतूनच आला असणार.’ पन्नासहून अधिक वर्षे हा युक्तिवाद फिरतो आहे. पहिलं विधान बरोबर आहे. दुसरं त्यातून निघतच नाही.

उंची घ्या. ती बुद्ध्यांकाहूनही जास्त आनुवंशिक. तरी कोरियाच्या फाळणीनंतर वाढलेल्या उत्तर कोरियन माणसांची सरासरी उंची दक्षिणेतल्या त्यांच्याच भाईबंदांपेक्षा काही सेंटिमीटरनी कमी भरली. जनुकं तीच होती, कमी पडला तो आहार.

बुद्ध्यांकही असाच हलतो. 20व्या शतकात अनेक देशांत तो दर दशकाला सुमारे 3 गुणांनी वाढला. दोन-तीन पिढ्यांत जनुकं इतकी बदलत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत दोस्तसैनिकांपासून (बहुतेक अमेरिकी) जर्मन आयांना झालेल्या मुलांची चाचणी मानसशास्त्रज्ञ क्लाउस आयफर्थ यांनी घेतली. 1961 साली निष्कर्ष आला: कृष्णवर्णीय वडिलांच्या मुलांची सरासरी सुमारे 96.5, गोऱ्या वडिलांच्या मुलांची 97. अभ्यास छोटा होता आणि सैनिक भरतीच्या वेळीच चाळणीतून निवडलेले होते, हा आक्षेप रास्तच. पण उलट बाजूच्या ‘पुराव्यां’नाही इतकीच काटेकोर तपासणी लावायला हवी.

आणि मुळात ‘वंश’ म्हणजे तरी काय? जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड ल्युवॉन्टिन यांनी 1972 मध्ये दाखवलं की माणसांतल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे 85 टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच सापडते. सर्वाधिक विविधता आफ्रिकेत आहे, त्यामुळे सगळ्या कृष्णवर्णीयांना एका जैविक गठ्ठ्यात बांधणं तर आणखीच चुकीचं.