आल्प्समधील घाटरस्ते आणि सायकल

आल्प्समधील ज्या उंच घाटांवर आज दर उन्हाळ्यात हजारो सायकलस्वार दिसतात, त्यांतील अनेक रस्ते सायकलचा शोध लागण्यापूर्वीच, सैन्य, टपाल आणि व्यापार यांच्या सोयीसाठी आखले गेले होते. इटलीतील स्टेल्व्हिओ (उंची सुमारे २,७५७ मीटर) हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

नेपोलियनच्या पराभवानंतर १८१५ साली उत्तर इटलीतील लोंबार्डी हा मिलानचा प्रांत ऑस्ट्रियाकडे गेला आणि मिलानला ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताशी थेट जोडणाऱ्या मार्गाची साम्राज्याला निकड भासू लागली. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ या काळात हा रस्ता बांधून काढला. भरलेली गाडी ओढणाऱ्या घोड्यांना चढ झेपावा म्हणून त्याने डोंगराच्या अंगावर वळणांमागून वळणे घातली. एकट्या प्राटो गावाकडच्या बाजूला अशी ४८ वळणे आहेत. त्या बाजूने सुमारे २४ किलोमीटरमध्ये रस्ता १,८०० मीटर वर जातो, तरी सरासरी चढ साडेसात टक्क्यांच्या आसपासच राहतो. या घाटांचे सायकलशी जे सूत जुळले, त्याचे मोठे श्रेय निसर्गसौंदर्याइतकेच या मोजूनमापून दिलेल्या चढालाही द्यायला हवे, कारण घोड्याला काय आणि माणसाच्या पायांना काय, अचानक उभा होणाऱ्या चढापेक्षा एकसारखा चढच मानवतो.

शर्यती या उंचीवर आल्या त्या विसाव्या शतकात. तूर द फ्रान्स या फ्रान्समधील अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीने १९१० साली पिरेनीज पर्वतातले मोठे घाट घेतले आणि १९११ साली आल्प्समधील गालिबिए घाट. तिथे पहिला पोहोचला एमिल जॉर्जे. बहुतेक स्पर्धकांना सायकल ढकलत चालावे लागले, आणि त्यात नवल नव्हते: रस्ते कच्चे, सायकली जड आणि चालू सायकलवर गिअर बदलण्याची सोय नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे असत आणि चढाच्या पायथ्याशी थांबून, चाक काढून, उलटे बसवावे लागे. फ्रान्समधील सेंतेत्येन शहराचे पॉल द व्हिव्ही, म्हणजेच ‘वेलोसिओ’, अनेक गिअरांचा पुरस्कार आग्रहाने करीत होते, परंतु शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांचा गिअरला ठाम विरोध होता. देग्रांज बाजूला झाल्यानंतर, १९३७ साली, तूरमध्ये गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला परवानगी मिळाली. सामान्य माणसाला घाट चढणे शक्य झाले ते याच यंत्रणेमुळे, म्हणून हा विलंब खटकतो.

त्याच वर्षी फ्रान्समधील इझेरानचा २,७६४ मीटर उंचीवरील रस्ताही खुला झाला. तो मात्र पर्यटनासाठी आखलेल्या आल्प्स महामार्गाचा भाग होता, म्हणजे रस्ता बांधण्यामागचा हेतूच आता बदलला होता. पुढच्याच वर्षी तूर त्यावरून गेली.

स्टेल्व्हिओवर जिरो द इतालिया, म्हणजे इटलीची तूरसारखीच सायकल शर्यत, पहिल्यांदा आली १९५३ साली. शर्यत संपायला दोनच टप्पे उरलेले असताना इटलीचा फाउस्तो कोप्पी हा स्वित्झर्लंडच्या ह्यूगो कोब्लेटच्या जवळजवळ दोन मिनिटे मागे होता. या चढावर त्याने कोब्लेटला मागे टाकले आणि पाचव्यांदा जिरो जिंकली. पुढे १९६५ पासून जिरोच्या मार्गावरील सर्वोच्च स्थानाला ‘चीमा कोप्पी’ म्हणण्याची प्रथा पडली, आणि स्टेल्व्हिओ मार्गात असला की तो मान त्यालाच मिळतो. अर्थात जिरो मे महिन्यात असते आणि त्या काळात एवढ्या उंचीवर हिमवर्षाव नवा नाही. २०१३ साली गाव्हिया आणि स्टेल्व्हिओ हे दोन्ही घाट असलेला टप्पा बर्फामुळे रद्दच करावा लागला.