ईपीएस-95: पेन्शन हजारावर का अडकली?

ईपीएस-95 म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना, 1995: पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांची पेन्शन. तिच्यासाठी निवृत्त एसटी चालक, साखर कारखान्यातले फिटर, सहकारी बँकांतले क्लार्क मोर्चाला येतात तेव्हा एकच आकडा सांगतात: किमान 7,500 रुपये आणि वर महागाई भत्ता. बुलढाण्यात याच मागणीसाठी डिसेंबर 2018 मध्ये साखळी उपोषण सुरू झालं. मार्च 2023 मध्ये राज्यात गाजलेला 'जुनी पेन्शन'चा संप वेगळा. तो सरकारी कर्मचाऱ्यांचा होता. या दोन्हींची गल्लत सर्रास होते.

1952 च्या भविष्य निर्वाह निधी (पीएफ) कायद्यात पेन्शन नव्हतीच. कापड, सिमेंट, पोलाद अशा सहा उद्योगांपासून सुरुवात झाली आणि निवृत्तीला एकरकमी पैसे देण्याची सोय झाली. त्या पैशातून गावाकडचं घर बांधायचं, मुलीचं लग्न उरकायचं. म्हातारपण मुलगा बघेल, हे गृहीतच होतं. 1971 मध्ये कुटुंब पेन्शन आली, पण कामगार गेल्यावर त्याच्या घरच्यांसाठी. जिवंत निवृत्ताला दरमहा पेन्शन मिळू लागली ती थेट 16 नोव्हेंबर 1995 पासून.

त्यासाठी वेगळा पैसा उभा केला नाही. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या 8.33 टक्के रक्कम पीएफऐवजी पेन्शनकडे वळवली, केंद्राने 1.16 टक्के घातले. कापणीला वेतनमर्यादा होती, म्हणजे पगार जास्त असला तरी तेवढाच धरायचा: आधी 5,000, जून 2001 पासून 6,500, सप्टेंबर 2014 पासून 15,000. म्हणून जुने लोक 417, 541, 1,250 हे आकडे तोंडपाठ सांगतात. दरमहा पेन्शनकडे जाणारी रक्कम तेवढीच. पीएफच्या पासबुकात पेन्शनचा रकाना असतो, त्यापुढे व्याज कधीच चढत नाही. कारण पेन्शन जमा रकमेवर नाही, सूत्रावर ठरते: पेन्शनपात्र वेतन (मर्यादेपर्यंतच धरलेलं, शेवटच्या काही महिन्यांचं सरासरी वेतन) गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70.

गणित करून बघा. योजना सुरू झाली तेव्हापासून सभासद असलेला कामगार ऑगस्ट 2014 मध्ये निवृत्त झाला, तर 6,500 गुणिले 19 भागिले 70, म्हणजे साधारण 1,764 रुपये. प्रत्यक्ष पगार वीस हजार असला तरी फरक नाही. 15,000 च्या मर्यादेवर पुरी 35 वर्षं धरली तरी 7,500 च होतात. महागाईशी जोड नाही, त्यामुळे पहिल्या महिन्याचा आकडा पुढेही तोच राहतो. माझ्या मते मूळ दुखणं हेच. किमान रकमेचा वाद त्यानंतरचा.

2008 मध्ये पेन्शनचा एक तृतीयांश भाग विकून एकरकमी पैसे घेण्याची सवलतही गेली. भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असलेल्या राज्यसभेच्या याचिका समितीने 2013 मध्ये किमान 3,000 रुपये सुचवले. सरकारने सप्टेंबर 2014 मध्ये 1,000 दिले आणि त्याच वेळी सरासरी वेतन शेवटच्या 12 ऐवजी 60 महिन्यांचं धरायचं ठरवलं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने थोडं काढून घेतलं.

वेतनमर्यादेऐवजी खऱ्या पगारावर वर्गणी भरण्याचा विकल्प 1996 पासून नियमांत होता, पण तो कामगारांपर्यंत नीट पोचलाच नाही. 2014 मध्ये तो बंद झाला, खटले झाले. 4 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 2014 चे बदल बहुतांशी कायम ठेवले, मात्र संधी हुकलेल्यांना हा विकल्प निवडायला चार महिने दिले. सप्टेंबर 2014 च्या आधीच विकल्प न देता निवृत्त झालेल्यांना त्यातून काहीच मिळालं नाही. उपोषणाच्या मंडपात बसणारे बरेचसे तेच.