बंदूक किती लवकर हाती यावी?

अमेरिकेत बंदुकीच्या हक्कावर वाद पेटला की एकीकडून शाळेत शिरलेला माथेफिरू पुढे केला जातो, दुसरीकडून मध्यरात्री घरात घुसलेला दरोडेखोर. दोन्ही भीती खऱ्या आहेत. पण २०२२ मध्ये त्या देशात बंदुकीने जे सुमारे ४८ हजार मृत्यू झाले, त्यांतल्या २७ हजारांच्या आसपास आत्महत्या होत्या. निम्म्याहून अधिक वेळा बंदूक चालवणारा आणि मरणारा माणूस एकच होता. सार्वजनिक सुरक्षेच्या चर्चेत हा माणूस क्वचितच येतो, आणि ही मला त्या चर्चेतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

त्याला वगळण्यामागे एक घट्ट समज आहे: ज्याला मरायचेच आहे त्याला कोण अडवणार? एक मार्ग बंद केला तर तो दुसरा शोधेल. संशोधन वेगळे सांगते. मरणाची तीव्र इच्छा पुष्कळदा अचानक उसळते आणि ओसरतेही. वाचलेल्या अनेकांनी सांगितले आहे की निर्णय आणि कृती यांत तासभरही गेला नव्हता. वाचलेल्यांपैकी दहांतले सुमारे नऊ जण पुढे कधीही आत्महत्येने मरत नाहीत. तो एक तास निभावला की बहुतेकांचे आयुष्य निभावते. बंदूक नेमका तोच तास हिरावून घेते, कारण तिच्या बाबतीत वाचणारे फारच थोडे.

इस्रायली सैन्याचे उदाहरण यात फार बोलके आहे. तिथले जवान आठवडी सुट्टीला घरी जाताना शस्त्र सोबत नेत. २००६ मध्ये ते तळावरच ठेवण्याचे धोरण आले आणि जवानांमधील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी उतरले. घट दिसली ती मुख्यतः सुट्टीच्या दिवसांत. इतर दिवशी फारसा फरक पडला नाही.

कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून अधिक प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत आत्महत्येचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक निघाले, स्त्रियांत सातपटीच्या आसपास. इथे शंका रास्त आहे: काहींनी मरायचे ठरवूनच पिस्तूल घेतले असेल. खरेदीनंतर लगेचच्या काळात धोका सर्वाधिक होताही. पण पिस्तूलधारकांनी बंदुकीने केलेल्या आत्महत्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक खरेदीला वर्ष उलटल्यावर घडल्या, आणि इतर मार्गांनी होणाऱ्या आत्महत्या या गटात जास्त नव्हत्या.

गुन्ह्यांबाबत चित्र इतके स्पष्ट नाही. शस्त्र सोबत घेऊन फिरण्याची मोकळीक दिल्याने गुन्हे घटतात की वाढतात, हे उपलब्ध पुराव्यांवरून सांगता येत नाही, असा निर्वाळा नॅशनल रिसर्च कौन्सिल या अमेरिकी वैज्ञानिक सल्लागार संस्थेच्या समितीने २००४ मध्ये दिला. पुरावा तोकडा राहण्यात राजकारणाचाही हात आहे. बंदूक-नियंत्रणाच्या प्रचारासाठी आरोग्य-संशोधनाचा सरकारी पैसा वापरायला मनाई करणारी ‘डिकी दुरुस्ती’ १९९६ मध्ये आली, आणि त्यानंतर सरकारी पैशावर होणारे बंदूक-संशोधन वीसेक वर्षे जवळजवळ थंडावले. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या खासदार जे डिकी यांनीच पुढे असे संशोधन व्हायला हवे अशी जाहीर भूमिका घेतली.

खरा पेच मात्र घरातल्या कपाटापाशी आहे. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक बाळगण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवा, हा वॉशिंग्टन शहराचा नियमही त्याच निकालात रद्द झाला. स्वसंरक्षणासाठी बंदूक क्षणात हाती यावी लागते. खचलेल्या माणसाला वाचवायचे तर ती तशी येता कामा नये. माझ्या मते घरात किशोरवयीन मूल किंवा निराशेत बुडालेले कोणी असेल, तिथे दुसरी गरज निःसंशय मोठी आहे.

न्यू हॅम्पशायरमध्ये हे आधी ओळखले ते बंदूक विकणाऱ्यांनी. २००९ मध्ये तिथल्या एकाच दुकानातून आठवड्याभरात तिघांनी बंदूक घेतली आणि काही तासांतच जीव दिला. त्यानंतर दुकानदार आणि आत्महत्या-प्रतिबंधाचे कार्यकर्ते एकत्र बसले. गिऱ्हाइकाची मनःस्थिती कशी ओळखावी, शंका आली तर विक्री कशी टाळावी, हे दुकानदारांना सांगितले जाऊ लागले. मित्र कठीण काळातून जात असेल तर त्याची बंदूक काही दिवस आपल्याकडे ठेवून घ्या, असा संदेश बंदूकधारकांपर्यंत गेला. हक्क शाबूत राहतो आणि बंदूक लांब जाते, म्हणून त्यांनाही तो पटण्यासारखा आहे. अडचण येते ती कायद्याची: काही राज्यांत बंदूक दुसऱ्याच्या हाती देण्याआधी पार्श्वभूमी तपासणी सक्तीची आहे, आणि अशा तात्पुरत्या मदतीला त्यातून सूट द्यावी की नाही, यावर प्रत्येक राज्याचे उत्तर वेगळे आहे.