गोल्फ स्विंगचा सराव व सुधारणा

गोल्फमध्ये जमिनीवर किंवा टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवलेला चेंडू टोलवण्यासाठी खेळाडू क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, मागे व वर नेतो, तेथून खाली आणतो आणि चेंडू सुटल्यावरही फिरवत पुढे नेतो. या सलग हालचालीला स्विंग म्हणतात. चेंडू जागचा हलत नसतो, त्यामुळे पाहणाऱ्याला हा फटका सोपा वाटतो. पण चेंडूचा व्यास असतो जेमतेम ४२.६७ मिलिमीटर, क्लबचा माथा असतो खेळाडूच्या हातांपासून जवळजवळ मीटरभर लांब, आणि माथ्याच्या तोंडाचा, म्हणजे चेंडूला भिडणाऱ्या सपाट बाजूचा, कोन दोन-तीन अंशांनी जरी चुकला तरी लांबचा चेंडू मैदानाबाहेर जाऊ शकतो. एवढी अचूकता साधण्यासाठी चांगले खेळाडू आयुष्यभर सराव करतात.

पूर्ण स्विंगला सुमारे एक सेकंद लागतो. व्यावसायिक खेळाडूंच्या स्विंगमध्ये क्लब वर जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात तो खाली येतो. म्हणजे डाउनस्विंग पाव सेकंदाच्या आसपास संपतो. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श तर सुमारे ०.०००५ सेकंदच टिकतो. फटका हाताला जाणवतो तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. खाली येणारा क्लब वाटेत सुधारायला सवडच नसते. म्हणून जी काही दुरुस्ती करायची ती पकड, उभे राहण्याची पद्धत, बॅकस्विंगची, म्हणजे क्लब वर नेण्याची, सुरुवात आणि अंगवळणी पडलेला क्रम यांतच करावी लागते.

सरावात सर्वांत मोठा अडथळा आळसाचा नसतो. शरीराला जे वाटते आणि शरीर जे करते त्यांत अंतर असते, हा खरा अडथळा आहे. आपण हात खांद्यापर्यंतच नेतो अशी एखाद्याची खात्री असते. चित्रफितीत मात्र क्लब डोक्यामागून खाली लोंबत असतो. दुसऱ्याला वाटते की आपण चेंडूला नीट काटकोनात भिडलो, आणि त्याचे डोके हातभर वर उचललेले दिसते. अशा खेळाडूने रोज दोनशे चेंडू मारले तरी तो आपली चूकच पक्की करत जातो. त्यामुळे सुधारणेचे काम म्हणजे मुख्यतः ही जाणीव आणि वास्तव जुळवत नेणे होय, आणि त्यासाठी बाहेरचा पुरावा लागतो.

पहिला पुरावा चेंडूच्या वाटेतच असतो. चेंडू कोणत्या दिशेने निघेल हे मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबचे तोंड कुठे वळले आहे यावर ठरते. फटक्यानुसार हा वाटा साधारण तीन चतुर्थांश ते ८५ टक्के असतो. पुढे चेंडू कोणत्या बाजूला वळेल हे तोंडाची दिशा आणि क्लबची वाट यांतील फरकावरून ठरते. अनेक वर्षे शिकवणीत याच्या उलट सांगितले जाई, की चेंडू क्लबच्या वाटेने निघतो आणि तोंडाकडे वळतो. रडार व वेगवान कॅमेऱ्यांची मोजमाप यंत्रे सरावाच्या मैदानात आल्यावर हा समज मागे पडला. उजव्या हाताने खेळणाऱ्यांना छळणारा स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा चेंडू, याच नियमाने उलगडतो. क्लब लक्ष्यरेषेच्या बाहेरून आत, शरीराकडे, येतो, तोंड त्या वाटेच्या मानाने उघडे, म्हणजे उजवीकडे वळलेले, राहते, आणि चेंडू उजवीकडे वाहत जातो. घाबरून खेळाडू आणखी डावीकडे रोख धरतो, त्यामुळे क्लबची वाट आणखी आडवी होते आणि वळण वाढते. रोख बदलून हा दोष जात नाही. तोंडाचा ताबा पकडीतून मिळवावा लागतो. मगच वाट सुधारायला अर्थ येतो.

दुसरा पुरावा क्लबच्या तोंडावर उमटतो. पायाला लावायची पावडर तोंडावर हलकेच फवारून फटका मारला की चेंडूचा गोल ठसा स्वच्छ दिसतो. दहा फटक्यांचे दहा ठसे पाहिले, तर बहुतेक वेळा ते एका बाजूला गोळा झालेले आढळतात. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबने, टाचेच्या बाजूला, म्हणजे दांडीच्या जवळ, मारलेल्या चेंडूला उजवीकडे वळवणारी फिरक मिळते. तेव्हा स्लाइस होतो म्हणून कुणी वर्षभर खांद्यांवर मेहनत घेतो, आणि ठसा सांगतो की आधी चेंडूपासून उभे राहण्याचे अंतरच तपासायला हवे होते. कुठल्याही महागड्या यंत्राआधी ही पावडर वापरावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आयर्नच्या, म्हणजे लोखंडी पात्याच्या क्लबच्या, फटक्यात असाच पुरावा मातीत मिळतो. गवताची कापली गेलेली चकती, म्हणजे डिव्हट, चेंडूच्या जागेच्या पुढे सुरू झाली तर क्लब आधी चेंडूला भिडला. मागे सुरू झाली तर आधी जमिनीला. जमिनीवर एक रेघ ओढून तिच्यावर नुसते स्विंग करून पाहिले तरी हे कळते.

चित्रीकरण उपयोगी असले तरी फसवेही ठरते. कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि लक्ष्यरेषेला समांतर ठेवला नाही, तर चांगली वाटही वाकडी दिसते. एकदा समोरून आणि एकदा मागून, दर वेळी त्याच जागेवरून घेतलेल्या चित्रफितीच एकमेकींशी ताडून पाहाव्यात. प्रशिक्षकाचे मोल इथेच कळते. पाच दोष दिसत असतानाही तो त्यांतला मूळ दोष ओळखून एकच दुरुस्ती सांगतो.

सूचना कशी दिली जाते यालाही महत्त्व आहे. संशोधक गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवशिक्यांच्या एका गटाला पिच, म्हणजे चेंडू उंच उडवून जवळच्या लक्ष्यावर टाकण्याचा, फटका मारताना हातांच्या हालचालीकडे आणि दुसऱ्याला क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले होते. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके अधिक अचूक ठरले. प्रत्येक फटक्यानंतर आकडा किंवा शेरा मिळणेही हितावह नसते. खेळाडू त्याच्यावर विसंबू लागतो आणि मदत काढून घेतली की ढासळतो. म्हणून आधी स्वतः अंदाज करावा, ‘हा चेंडू टाचेला लागला’ असे मनात ठरवावे आणि मग ठसा पाहावा. अंदाज बरोबर येऊ लागले की जाणीव खरी होऊ लागली असे समजावे.

सरावाच्या रचनेबद्दलही तसेच. एकाच क्लबने एकाच लक्ष्याकडे पन्नास चेंडू मारले की शेवटचे वीस सुरेख जातात, आणि खेळाडू समाधानाने घरी जातो. मैदानावर मात्र सलग दोन फटके सहसा सारखे येत नाहीत. नवी हालचाल बसवताना तोच फटका पुन्हा पुन्हा, तोही मंद गतीने, मारावा. ती बसू लागली की दर चेंडूला क्लब आणि लक्ष्य बदलावे. अशा मिश्र सरावात त्या दिवशीचे फटके वाईट दिसतात, पण शिकलेले जास्त टिकते.

निष्णात खेळाडूंचे निरीक्षण हा शिकण्याचा जुना मार्ग आहे. अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स लहानपणी अटलांटातील ईस्ट लेक क्लबमध्ये स्टुअर्ट मेडन या स्कॉटिश व्यावसायिकाच्या मागे फिरत असे आणि त्याचा स्विंग हुबेहूब उचलत असे. पुढे १९३० मध्ये त्याने एकाच वर्षी त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. मुले अशी अखंड नक्कल सहज करतात. प्रौढाने मात्र काय उचलायचे आणि काय सोडायचे हे पारखून घ्यावे. २००३ ची यू.एस. ओपन जिंकणाऱ्या जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना एका वाटेने जातो आणि मोठा वळसा घेऊन दुसऱ्याच वाटेने खाली येतो. त्याचा वळसा उचलून काही हाती लागणार नाही. आघाताच्या क्षणी मात्र तो आणि नितळ स्विंगचे खेळाडू एकमेकांच्या फार जवळ असतात: वजन पुढच्या पायावर, कंबर लक्ष्याकडे उघडलेली, आयर्न असल्यास हात चेंडूच्या पुढे. डाउनस्विंगमध्ये आधी कंबर, मग धड, मग हात आणि शेवटी क्लब आपापला सर्वाधिक वेग गाठतात, हा क्रमही बहुतेकांत सापडतो. निरीक्षण करायचे ते या गोष्टींचे.

अमेरिकन गोल्फपटू बेन होगनचे उदाहरण धीर शिकवणारे आहे. कारकिर्दीच्या पूर्वार्धात त्याला हुकने, म्हणजे डावीकडे झपकन वळणाऱ्या चेंडूने, हैराण केले होते. त्याने १९४० च्या दशकात पकड बदलली आणि तासन्‌तास सराव करून चेंडूवर ताबा मिळवला. १९५३ मध्ये तो मास्टर्स, यू.एस. ओपन आणि ब्रिटिश ओपन या तिन्ही स्पर्धा जिंकला. पकड बदलल्यावर सुरुवातीला फटके बिघडतात, हे माहीत नसल्यामुळे अनेक जण आठवडाभरात जुन्या पकडीकडे परततात.

प्रत्यक्ष फेरीत यांतली बरीच साधने वापरता येत नाहीत. रोख जुळवण्यासाठी जमिनीवर काठी ठेवणे नियमात बसत नाही. सल्ला फक्त आपल्या कॅडीकडून, म्हणजे क्लबची पिशवी वाहणाऱ्या सहायकाकडून, किंवा जोडीदाराकडून घेता येतो. चेंडूविना सरावाचा स्विंग करायला मोकळीक असते. त्यामुळे जाणकार खेळाडू फेरीत एकच साधी खूण मनाशी धरतो, आणि चेंडू कोणत्या दिशेने निघाला व कुठे वळला याची नोंद गुणपत्रिकेच्या कडेला करून पुढच्या सरावाला घेऊन येतो.