मनाच्या श्लोकांची बारा अक्षरे

समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक 205 आहेत आणि ते भुजंगप्रयात या एकाच वृत्तात रचलेले आहेत. या वृत्ताच्या प्रत्येक चरणात बारा अक्षरे, म्हणजे चार ‘य’ गण येतात. ‘य’ गण म्हणजे तीन अक्षरांचा गट: एक लघू (ऱ्हस्व) आणि पाठोपाठ दोन गुरू (दीर्घ). लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन धरल्या, की चरणाच्या वीस मात्रा भरतात. बारा जागी लघू-गुरूंच्या 4096 रचना संभवतात आणि कवीला त्यांतली एकच चालते. एवढ्या बंधनात राहूनही हे श्लोक बोलल्यासारखे सहज वाटतात, हे मला थोर कसब वाटते.

पहिल्या श्लोकाचा पहिला चरण फोडून पाहू: ‘गणाधी । श जो ई । श सर्वां । गुणांचा’. ‘सर्वां’मधला ‘स’ ऱ्हस्व दिसतो, पण पुढच्या जोडाक्षरामुळे त्याच्यावर आघात येतो आणि तो गुरू ठरतो. तिसऱ्या चरणातल्या ‘चत्वार’मधल्या ‘च’लाही हाच नियम लागू होतो.

चौथा चरण तर फारच बोलका आहे: ‘गमूं पंथ आनंत या राघवाचा’. मूळ शब्द ‘अनंत’. तो तसाच ठेवला असता, तर दुसऱ्या गणात ‘थ अ नं’ असे दोन लघू व एक गुरू येऊन एक मात्रा कमी पडली असती. म्हणून ‘अ’ दीर्घ झाला. पाठ म्हणणाऱ्याने चुकून ‘अनंत’ म्हटले, तर अर्थ तोच राहूनही जीभ तिथेच अडखळते. पाठांतरातली चूक वृत्त असे पकडून देते.

यमकाकडेही नीट कान द्यावा. गुणांचा, निर्गुणाचा, वाचा, राघवाचा असे चारही चरण ‘चा’ने संपतात. त्यांपैकी तिघांत तो षष्ठीचा प्रत्यय आहे, तर ‘वाचा’ हे वाणी या अर्थाचे नाम आहे. त्यातला ‘च’ तालव्य (‘चिमणी’तल्यासारखा) आणि प्रत्ययातला दंततालव्य (‘चमचा’तल्यासारखा), त्यामुळे कागदावर तंतोतंत जुळणारे यमक उच्चारात किंचित वेगळे होते.

अभंगाचा हिशेब वेगळा. तुकोबांच्या ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां’ यात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे आहेत आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत आहे. येथे ऱ्हस्व-दीर्घाचा क्रम ठरलेला नसतो, केवळ अक्षरसंख्या पाहिली जाते. त्यामुळे अभंगकाराला छंदासाठी ‘अनंत’चा ‘आनंत’ करावा लागत नाही.